पेशवाईंतील संसार आणि आमची कादंबरी

गेल्या उन्हाळ्यांत कांहीं दिवस वाशीम जिल्ह्यांतील किन्हीराजा येथें मुक्काम करण्याचा योग आला. दुपारीं वाचावयास घरांत दोन जुन्या कादंबऱ्या होत्या : रणजित देसाई यांची ‘स्वामी’ (१९६२) व ना. सं. इनामदार यांची ‘राऊ’ (१९७२). आम्ही मोठ्यानें वाचीत असूं आणि घरांतील वडील आत्याबाई ऐकत बसत. थेऊरच्या प्रसंगीं त्यांनीं पदर डोळ्यांना लावला. पुस्तक मिटल्यावर मात्र त्यांनीं विचारलें, “रमाबाईचं सगळं कळलं रे. पण ती गोपिकाबाई पोराचं घर सोडून गेली, ती काय उगाच गेली असेल?”

या प्रश्नाचें उत्तर आम्हांस त्या वेळीं देतां आलें नाहीं, आणि तें ‘स्वामी’तही समाधानकारक मिळत नाहीं. ‘स्वामी’चें यश आम्ही नाकारीत नाहीं. साहित्य अकादमीनें तिचा गौरव केला, आणि मराठी घराघरांत ती पोंचली, हें योग्यच झालें. पण ज्या प्रेमामुळें ती घराघरांत पोंचली, तें प्रेम अठराव्या शतकाचें कितपत आणि विसाव्याचें कितपत, हें एकदां तपासून पाहिलें पाहिजे. १७५३ सालीं लग्न झालें तेव्हां माधवराव आठ वर्षांचे होते. १७६१ ते १७७२ या त्यांच्या कारकीर्दीचीं बहुतेक वर्षें स्वाऱ्यांत आणि शेवटचीं क्षयांत गेलीं. त्यांच्यामागें रमाबाई १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं थेऊरास सती गेली. एवढा सांगाडा कागदपत्रांचा. त्यावरील सगळें मांस कादंबरीकाराचें. रमाबाई कागदपत्रांत जवळजवळ मुकी आहे, आणि म्हणूनच तिच्या तोंडीं हवें तें गोड बोलणें घालतां येतें.

गोपिकाबाई मुकी नाहीं. वाईच्या रास्त्यांची ही मुलगी १७३० सालीं पेशव्यांच्या घरांत आली. रास्ते सावकार, बाजीरावांचे सासरे चासकर जोशी हेही सावकार. आणि पेशवे कर्जांत बुडालेले. पेशव्यांच्या सोयरिकी सावकारी घरांशीं कां जुळत, हें फोडून सांगावयास नकोच. अशा लग्नांत सून ही एका पेढीची प्रतिनिधि असते, हें लक्षांत घेतलें म्हणजे पुढचें भांडण नीट समजतें. माहेरच्या रास्त्यांना माधवरावांनीं दंड केला व तो सोडावा म्हणून आई अडून बसली, असें सांगतात. मुलानें न्याय पाहिला, आईनें माहेर पाहिलें. कादंबरी मुलाच्या बाजूनें उभी राहते, तें ठीकच. पण सगळा जन्म ज्या नात्यावर उभा होता तें नातें आईनें पाहिलें, तर तिला नुसती हट्टी कशी म्हणावयाची?

शिवाय तिच्या वाट्याला आलेलें दुःखही हिशेबांत धरावें लागेल. १७६० च्या डिसेंबर अखेरीस, भाऊंची फौज पानिपतावर अन्नान्नदशेंत असतां, नानासाहेबांनीं पैठणास वाखऱ्यांच्या लहान मुलीशीं दुसरें लग्न केलें. तीन आठवडे उलटण्यापूर्वींच, १४ जानेवारी १७६१ रोजीं, गोपिकाबाईचा थोरला मुलगा विश्वासराव रणांत पडला. त्याच वर्षीं नवरा गेला. पुढें माधवराव गेला आणि १७७३ सालीं नारायणरावाचा खून झाला. नाशिकजवळ गंगापुरास एकटी राहणाऱ्या या बाईनें आपल्या नातवास, सवाई माधवरावास, दिनचर्येपासून माणसांशीं वागण्यापर्यंतचा उपदेश लिहून पाठविला. तें पत्र ज्यानें वाचलें त्याला ती हेकट म्हातारी वाटणार नाहीं. तिन्ही मुलें गमावलेली आजी उरलेल्या एका मुलाला कसें जगावें तें सांगते आहे. आमच्या मतें पेशवाईंतील संसाराचें याहून करुण चित्र दुसरें नाहीं, आणि तें कोणा कादंबरीकारानें रचलेलें नाहीं.

आनंदीबाईची गत याहून वाईट झाली. गुहागरकडील मळणच्या ओकांची ही मुलगी राघोबांची दुसरी बायको. ‘ध’चा ‘मा’ केला ही कथा शाळेंतील पोरालाही पाठ असते; पण तो मूळ कागद आजवर कोणाच्या हातीं लागलेला नाहीं. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’नें (१९०९) ती कथा रंगभूमीवर अशी पक्की केली कीं, इतिहाससंशोधकांनीं कितीही शंका घेतल्या तरी प्रेक्षकांच्या मनांतून ती हलली नाहीं. आनंदीबाईचीं पत्रें उपलब्ध आहेत. पण जी बाई लिहिते, जिला राजकारण समजतें, ती कपटीच असणार, असा आमच्या लेखकांचा न बोललेला सिद्धांत दिसतो.

मस्तानीविषयीं पुष्कळांनीं लिहिलें. तिचें स्वतःचें बोलणें मात्र आमच्यापर्यंत पोंचलेलें नाहीं. म्हणून ‘राऊ’ला मोकळें रान मिळालें, आणि २०१५ च्या हिंदी चित्रपटानें तर काशीबाई व मस्तानी यांना एकत्र नाचविलें! इनामदार इतके उथळ नाहींत. घरांतील कोंडी त्यांना कळते. पण बाजीरावांच्या मृत्यूनंतरची गोष्ट त्यांनाही मोहवीत नाहीं. ज्या घरानें मस्तानीला कैदेंत ठेविलें, त्याच घरांत तिचा मुलगा समशेरबहाद्दर वाढला आणि त्याच घरासाठीं पानिपतावर लढून मेला. खरा नाट्यविषय हा होता. त्याच इनामदारांनीं पुढें ‘शिकस्त’मध्यें पानिपतानंतरच्या पार्वतीबाईकडे दृष्टि वळविली, ही मोठीच गोष्ट.

आणि आमच्या वऱ्हाडाकडे कोणाचें लक्ष? नागपूरकर जानोजी भोसले व माधवराव यांच्या १७६९ च्या कनकापूरच्या तहांत वाशीम आणि बाळापूर येथील कापडाचा उल्लेख आहे : तें भोसल्यांनीं दरसाल पेशव्यांना द्यावयाचें. कापडाची आठवण राहिली. माणसांची राहिली नाहीं. जानोजींना मूल नव्हतें. त्यांनीं भाऊ मुधोजीचा मुलगा रघूजी दत्तक घेण्याचें ठरविलें. १७७२ सालीं ते वारल्यावर त्यांची विधवा दर्याबाई दुसरा दीर साबाजी याच्या बाजूनें उभी राहिली, आणि १७७५ सालीं पांचगांवच्या लढाईंत मुधोजीनें साबाजीला स्वतःच्या हातानें गोळी घातली. दोन दीर, एक दत्तक पुतण्या आणि मध्यें एक निपुत्रिक विधवा. यांत ना चांदणें आहे, ना नृत्य.

पार्वतीबाईकडे पुन्हां वळतों. भाऊ गेले हें तिनें कधींच मानलें नाहीं. तोतया आला, त्याची चौकशी झाली, तोही गेला. १७८३ सालीं मरेपर्यंत तिनें कुंकू लाविलें, आणि ती गेल्यावर उत्तरक्रिया नवराबायको दोघांचीही एकदमच झाली. आत्याबाईंना हें सांगितलें तेव्हां त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “उद्यां हिचंच वाच.”