‘घाचर घोचर’मधील हिशेब

विवेक शानभाग यांची ‘घाचर घोचर’ ही कन्नड लघुकादंबरी २०१३ साली प्रसिद्ध झाली आणि श्रीनाथ पेरूर यांच्या इंग्रजी अनुवादामुळे दूरवर पोहोचली. सरकारी नोकरीत कन्नडची परीक्षा द्यावी लागलेल्या आमच्यासारख्या बेळगावकरास ती मुळातून वाचता आली, हा त्या परीक्षेचा उशिरा पदरी पडलेला लाभ. तिच्यात नवश्रीमंतीने झालेला नैतिक ऱ्हास बहुतेकांना दिसतो. आम्हांस मात्र ती हिशेबाची कथा वाटते.

पूर्वार्धात बाप चहा कंपनीचा विक्रेता आहे. रात्री तो वसुलीचा हिशेब मांडतो आणि रक्कम जुळेना, की सारे घर धास्तावते. पैसा परक्या मालकाचा असतो. पुढे नोकरी सुटल्यावर मिळालेली रक्कम धाकट्या भावाच्या ‘सोना मसाला’ या धंद्यात घातली जाते. पैसा घरचा होतो आणि हिशेब विचारणेच थांबते. कथानायक संचालक म्हणवितो. दरमहा पैसे जमा होतात, काम काहीच नाही. कर्ता आहे तो ‘चिक्कप्पा’. या कन्नड शब्दाचा अर्थ अक्षरशः ‘धाकटा बाप’, आणि घरात थोरल्याची जागा त्यानेच घेतलेली आहे. त्याचा शोध घेत दाराशी आलेल्या स्त्रीला घरातील बायका शिव्या देऊन हाकलतात, तेव्हा नायक गप्प राहतो. बिनकामाचा पगार कशाचा मोबदला असतो, हे लेखकाने येथे एकही शब्द न बोलता दाखविले आहे. नवरा नेमके काय काम करतो, हे विचारते ती फक्त बाहेरून आलेली सून, अनिता.

आमच्या परिचयाच्या एका दुकानात पुतण्याच्या नावे पगार पडत असे. तो महिन्यातून दोनदा गल्ल्यावर दिसे. नोकर मात्र अर्ध्या दिवसाच्या रजेसाठी ताटकळत उभा असे. कादंबरीत असा नोकर नाही, ही आमची तक्रार. मसाल्याच्या पुड्या भरणारे हात पडद्याआडच राहतात. अन्याय सुनेच्या वाट्याला येतो तसा त्यांच्याही येत असणार. पण निवेदक कार्यालयात जाऊन वर्तमानपत्र वाचणारा, त्याच्या नजरेला तो पडावा कसा? निवेदकाच्या निवडीनेच ही मर्यादा आली, असे म्हणता येईल. तरीही एखादे पान गोदामात घालविले असते, तर अनिताचा प्रश्न एकटीचा राहिला नसता.