कुलवृत्तांतांचीं साधनें : जुन्नर-आंबेगांवच्या कागदांवरून एक परीक्षण

गेल्या शंभर वर्षांत मराठींत कुलवृत्तांत पुष्कळ निघाले. एका आडनांवाच्या मंडळींनीं वर्गणी जमवावी, पत्रकें धाडून माहिती मागवावी, घरोघरच्या वंशावळी एका वृक्षांत गोवाव्या आणि मूळ पुरुषापासून आजवरच्या पिढ्या छापून काढाव्या, हा या ग्रंथांचा ठरलेला क्रम होय. या उद्योगामागील चिकाटी वाखाणण्याजोगी आहे, यांत वाद नाहीं. परंतु इतिहासाचें साधन म्हणून हे ग्रंथ हातीं घेतले म्हणजे पहिला प्रश्न असा उभा राहतो कीं, अमुक फांदी अमुक खोडाची, हें संपादकांनीं कशावरून ठरविलें? बहुतेक ठिकाणीं उत्तर एकच मिळतें : घरच्या वंशावळीवरून. म्हणजे जें सिद्ध करावयाचें, तेंच प्रमाण म्हणून पुढें केलेलें असतें.

हा दोष कशामुळें उत्पन्न होतो व तो टाळतां कसा येईल, हें जुन्नर व आंबेगांव या दोन तालुक्यांच्या उदाहरणांवरून पाहावयाचें आम्हीं योजिलें आहे. तुलनेसाठीं इंग्लंडांतील पॅरिशचीं, म्हणजे एकेका देवळाच्या हद्दीचीं दप्तरें घेतों. कारण सामान्य माणसाचा वंश शोधण्याचें शास्त्र त्या देशांत मुख्यतः या दप्तरांवर उभें आहे.

१५३८ सालीं आठव्या हेन्रीचा प्रधान टॉमस क्रॉम्वेल यानें हुकूम काढला कीं, प्रत्येक पॅरिशच्या पाद्र्यानें आपल्या हद्दींतील बाप्तिस्मे, विवाह व दफनें दर आठवड्यास वहींत लिहावीं आणि ती वही दोन कुलुपांच्या पेटींत ठेवावी. १५९८ पासून वह्या चर्मपत्रावर उतरून दरसाल त्यांची नक्कल बिशपाकडे धाडण्याचा नियम झाला. १७५३ च्या कायद्यानें विवाहाची नोंद काटेकोर झाली, १८१३ पासून छापील रकाने आले आणि १८३७ त जन्ममृत्यूंची नोंद सरकारनें स्वतःकडे घेतली.

हीं दप्तरें निर्दोष आहेत असें मात्र कोणीं समजूं नये. त्यांत बाप्तिस्म्याचा दिवस असतो, जन्माचा असेलच असें नाहीं. आईचें माहेरचें आडनांव बहुधा नसतें. राजमान्य पंथाबाहेरचीं कुटुंबें पुष्कळदां गळतात. यादवीच्या काळांत, म्हणजे १६४० नंतरच्या वीस वर्षांत, अनेक वह्यांना खिंडारें पडलीं आहेत. शिवाय एका गांवांत एकाच नांवाचे तीन इसम निघाले म्हणजे आपला पूर्वज त्यांतला कोणता, हें बाप्तिस्म्याच्या एकट्या नोंदीवरून ठरत नाहीं. तेथील जाणता संशोधक म्हणूनच दफनांचीं पानेंही उलटून पाहतो. कारण ज्यास आपण पूर्वज म्हणून पत्करलें, तो बाळपणींच वारल्याचें तेथें निघण्याचा संभव असतो.

इतके दोष असूनही या वह्यांस मोल आहे, तें दोन गुणांमुळें. लिहिणाऱ्याचा बहुधा कोणत्याही एका घराण्याशीं हितसंबंध नव्हता, हा पहिला. वही गांवाची होती, घराण्याची नव्हती, हा दुसरा. जमीनदार व भिकारी एकाच पानावर येतात. त्यामुळें एका घरची हकीकत शेजारच्या घरावरून ताडून पाहतां येते.

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. येथें अशी वही नव्हती. लेख मात्र फार जुने आहेत. जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाटाच्या लेण्यांत सातवाहन राजकुलांतील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. प्रतिमा नष्ट झाल्या, पण त्यांवरील नांवें राहिलीं : सिमुक सातवाहन, नायनिका व सातकर्णि, कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरि, कुमार सातवाहन. या प्रांतांतील ही सर्वांत जुनी कौटुंबिक नामावळी म्हणावयास हरकत नाहीं. तथापि कोण कोणाचा पुत्र, हें त्या नांवांखालीं लिहिलेलें नाहीं, आणि त्यांचीं नातीं जुळवितांना पंडितांत मतभेद होत आले. मानमोडीच्या लेखांत नहपानाचा अमात्य अयम याचें वत्स गोत्र व ४६ हें वर्ष दिलें आहे. कारण त्यास पाण्याचें टांकें व मंडप दिल्याचें पुण्य नोंदवावयाचें होतें. नामावळी निराळी व वंशावळ निराळी, आणि लेख लिहिणारा आपल्या प्रयोजनापुरतेंच लिहितो, हे दोन धडे या डोंगरांतच कोरलेले आहेत.

मध्ययुगांत हें प्रयोजन बदललें. दान मागें पडून वतन पुढें आलें. वतनाचा तंटा गोतसभेपुढें गेला म्हणजे दोन्ही पक्ष आपापला करीना लिहून देत, व निवाडा झाल्यावर महजर होई. पुढें इंग्रजी अमलांत १८५२ च्या कायद्यान्वयें इनामांची चौकशी चालली, तेव्हांही कैफियती व वंशावळी सादर झाल्या. आमचे कुलवृत्तांतकार जुन्या पिढ्यांसाठीं या कागदांवरच मुख्यतः भिस्त ठेवितात. परंतु करीना म्हणजे वादीचें म्हणणें होय. त्यांत ज्या शाखेस हक्क सांगावयाचा ती विस्तारानें येते. निपुत्रिक भाऊ, परगांवीं गेलेला चुलता व सर्व मुली गळतात. दत्तक हा पुत्र म्हणून लिहिला जातो. स्त्रीचें नांव येतें, तें बहुधा ती विधवा होऊन वांटा मागूं लागली म्हणजे. अशा कागदावरून जी वंशावळ तयार होते ती वतनाची वंशावळ होय, कुळाची नव्हे. आडनांवांचीही तीच गत. देशमुख, कुलकर्णी, पाटील हीं हुद्द्याचीं नांवें आहेत. त्यांच्या सारखेपणावरून रक्ताचें नातें मानणें धोक्याचें आहे.

तरीही याच कागदांत दोषाचा उतारा आहे, आणि तोच वगळला जातो. महजराच्या शेवटीं हजीर मजालसीचीं नांवें व निशाण्या असतात : पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, आणि अशाच बलुतेदारांच्या इतर खुणा. त्या दिवशीं त्या गांवांत कोण हयात होतें, याची ती यादी आहे. पॅरिशच्या पानावर जसे थोर व लहान शेजारीं बसतात, तसे येथेंही बसतात. घराण्याचा इतिहास छापणारा संपादक स्वतःच्या पूर्वजाचें नांव तेवढें उचलतो व उरलेल्यांस ‘वगैरे’ म्हणून निरोप देतो. ही कात्री आम्हांस सर्वांत अनिष्ट वाटते. ज्यांच्याजवळ वतन नव्हतें व म्हणून दप्तरही नव्हतें, अशा कितीएक कुळांचा उल्लेख त्या ‘वगैरे’मध्येंच दडलेला असतो.

दुसऱ्याच्या घरचा कागद आपल्या घराचा इतिहास कसा सुधारतो, याचें सर्वांत ठळक उदाहरण जुन्नरचेंच आहे. शिवछत्रपतींचा जन्म शिवनेरीवर झाला. उत्तरकालीन बखरींत त्याचा शक १५४९, म्हणजे इ. स. १६२७, असा दिला होता व तोच दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. १९१६ सालीं लोकमान्य टिळकांनीं कारीच्या जेधे देशमुखांकडील शकावली प्रसिद्ध केली. तींत फाल्गुन वद्य तृतीया, शक १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही तिथि निघाली. परमानंदाच्या शिवभारताचा तीस दुजोरा मिळाला. भोंसले कुळांतील जन्माची तिथि जेध्यांच्या टिपणानें शुद्ध झाली. कुलवृत्तांतकारांनीं ही गोष्ट पुढें ठेवून कामास लागावें.

या विषयाची निकड केवळ पंडितांपुरती राहिलेली नाहीं. पॅरिशच्या वहीशीं अधिक जवळचें नातें सांगणारें आपलें साधन म्हणजे कोतवाल बुक, अर्थात् जन्ममृत्यूंचा गांव-नमुना १४. जातीच्या दाखल्यांची पडताळणी २००० सालच्या कायद्यानें होऊं लागल्यापासून या वह्यांस फार महत्त्व आलें. अनुसूचित जमातींच्या दाव्यांत ६ सप्टेंबर १९५० पूर्वींच्या नोंदीस विशेष वजन असतें. २०२३ त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या समितीनें कुणबी नोंदींचा शोध आरंभिला, तेव्हां मोडी जाणणाऱ्यांस जुनीं दप्तरें वाचावयास बोलवावें लागलें. जुन्नर-आंबेगांवच्या पश्चिम पट्ट्यांत महादेव कोळ्यांची व ठाकरांची वस्ती मोठी. जेथें जुन्या कारकुनानें नुसतें ‘कोळी’ असें लिहिलें, तेथें आज नातवाच्या शिक्षणाचा व नोकरीचा प्रश्न त्या एका शब्दावर अडतो. अशा वेळीं तो शब्द म्हणजे कुळाची कबुली नव्हे, लिहिणाऱ्याची लेखनपद्धति होय, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. आणि ती पद्धति कळावयास त्या गांवाची वही सलग वाचावी लागते. तोच कारकून शेजारच्या घराविषयीं काय लिहितो, हें पाहिल्यावांचून एका ओळीचा अर्थ करणें न्यायास धरून होणार नाहीं. सलग वाचन दाव्यास पोषक ठरेल किंवा बाधक. संशोधकानें दोहोंस तयार असावें.

म्हणून आमची सूचना अशी कीं, यापुढें कुलवृत्तांतांपूर्वीं ग्रामवृत्तांत तयार व्हावे. एका गांवचे महजर निशाण्यांसह, थळझाडे त्यांतील गतकुळांसह व कोतवाल बुकें प्रत्येक नांवासह नकलून एकत्र करावीं. मग त्यांवरून ज्याचें त्यानें कूळ शोधावें. प्रत्येक कागदापुढें तो कोणीं, कशासाठीं व घटनेनंतर किती वर्षांनीं लिहिला, हें नोंदवावें. करीना वापरल्यास प्रतिपक्षाचाही छापावा. जेथें पिढीचा दुवा तुटतो, तेथें रेघ न ओढतां जागा मोकळी सोडावी.

आंबेगांव तालुक्यास ज्या गांवानें नांव दिलें, तें जुनें आंबेगांव डिंभे धरणाच्या जलाशयांत गेलें; तालुक्याची कचेरी घोडेगांवीं आहे. तेथील कुळें वेगवेगळ्या ठिकाणीं पांगलीं. त्यांपैकीं एकेकानें आपापली वंशावळ छापली, तर तितके निरनिराळे वृक्ष होतील. परंतु कोण कोणाचा शेजारी होता, कोणाच्या महजरावर कोणाची निशाणी होती, हें त्यांपैकीं एकाही वृक्षांत सांपडणार नाहीं. गांव पाण्याखालीं गेल्यावर तें सांगावयास कागदच उरतात, आणि ते कागद अखंड राखावयाचे, तर ते गांवाचे म्हणूनच राखले पाहिजेत.