वेल्सचीं दोन भाकितें

मनुष्यजातीचें पुढें काय होणार हा प्रश्न ज्योतिष्याला विचारावा, तर कुंडली मांडण्यास जन्मवेळ ठाऊक नाहीं. तत्त्वज्ञाला विचारावा, तर तो प्रश्नाचाच अर्थ विचारीत बसतो. म्हणून कीं काय, गेल्या सव्वाशें वर्षांत हा प्रश्न बहुधा कादंबरीकाराच्या दारीं आला आहे. इंग्रजी लेखकांत एच्. जी. वेल्स (१८६६–१९४६) यानें तो आयुष्यभर पिच्छा पुरविल्याप्रमाणें हाताळला, आणि त्याचीं एकमेकांशीं न जुळणारीं उत्तरें कसलाही संकोच न बाळगतां दिलीं. १८९५ सालीं त्याची ‘दि टाइम मशीन’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. १९४५ सालीं ‘माइंड अ‍ॅट दि एंड ऑफ इट्स टेदर’ हें लहानसें पुस्तक निघालें. दाव्याला बांधलेलें जनावर दोरी पुरी ताणली गेल्यावर जसें जागच्या जागीं अडकतें, तशी मनुष्याची बुद्धि आतां अडकली आहे, असा या दुसऱ्या नांवाचा भाव आहे. दोन्ही पुस्तकांत बरोबर पन्नास वर्षांचें अंतर आहे, आणि दोन्हींत मनुष्यजातीचा शेवट वाईटच होतो. तरीही पहिलें पुस्तक वाचून वाचक सावध होतो, आणि दुसरें वाचून तो हातपाय गाळतो. असें कां व्हावें, याचा उलगडा केवळ लेखकाच्या वयाकडे बोट दाखवून होण्यासारखा आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

‘दि टाइम मशीन’ची कथा पुष्कळांच्या परिचयाची असेल. एक शास्त्रज्ञ काळांतून प्रवास करणारें यंत्र तयार करून इ. स. ८,०२,७०१ या वर्षीं जाऊन पोंचतो. तेथें त्याला मनुष्याचे दोन वंशज आढळतात. जमिनीवर राहणारे ‘इलॉय’ हे सुंदर, नाजूक व फलाहारी आहेत; त्यांना कसलें काम नाहीं, कसली भीति नाहीं, आणि म्हणूनच कसली बुद्धीही उरलेली नाहीं. जमिनीखालीं राहणारे ‘मॉरलॉक’ हे पांढुरके, अंधाराला सरावलेले व यंत्रें चालविणारे आहेत. एके काळच्या धनिकांचे वंशज वर व कामकऱ्यांचे वंशज खालीं, इतकें तर प्रवाशाला लवकरच कळतें. परंतु खालचे लोक रात्रीं वर येऊन वरच्यांना गुरांप्रमाणें धरून नेतात व खातात, हें त्याला फार उशिरां कळतें. वेल्सची आई ससेक्स परगण्यांतील अपार्क नांवाच्या वाड्यांत नोकरचाकरांवर देखरेख करण्याच्या कामावर होती, आणि त्या वाड्यांत नोकरांची वहिवाट तळघरांतून व भुयारांतून असे. स्वतः वेल्सनें लहानपणीं कापडाच्या दुकानांत उमेदवारी केली होती. आठ लाख वर्षांपुढचें तें भुयार त्यानें कोठें पाहिलें होतें, हें सांगण्यास टीकाकाराची गरज नाहीं.

या कादंबरींतला आम्हांस सर्वांत अधिक भिडणारा प्रसंग मात्र मॉरलॉकांचा नव्हे. प्रवासी एका पडक्या, हिरव्या चिनी मातीनें मढविलेल्या इमारतींत शिरतो. तें एके काळचें पदार्थसंग्रहालय आहे. एका दालनांत भिंतींवरून तपकिरी चिंध्या लोंबत असलेल्या त्याला दिसतात. जवळ जाऊन पाहतो तों त्या पुस्तकांच्या चिंध्या निघतात. अक्षर एकही शिल्लक नाहीं. त्या क्षणीं त्याला प्रथम आठवतात ते स्वतः प्रकाशशास्त्रावर लिहिलेले सतरा निबंध! येथें वेल्सनें उपदेशाचा एकही शब्द खर्ची घातलेला नाहीं. विद्येचा नाश कोणा शत्रूनें केलेला नाहीं. ती जपावी असें कोणालाच वाटेनासें झालें, एवढेंच. पुढें पुढें वेल्सला व्याख्यान देण्याची जी खोड जडली, तिचा येथें मागमूसही नाहीं, आणि त्याच्या शंभराच्या आसपास असलेल्या ग्रंथांत हा छोटा ग्रंथ अजून कां वाचला जातो याचें कारण बहुधा याच प्रसंगांत आहे.

यानंतर प्रवासी तीन कोटींहून अधिक वर्षें पुढें जातो. लाल, मोठा व विझत चाललेला सूर्य, गारठलेला समुद्र, कांठावर हिमाची झालर, आणि एक काळा, वाटोळा, हातपाय फुटल्यासारखा गोळा पाण्यांत उड्या मारीत आहे. दुसरें हालणारें असें कांहीं नाहीं. हें चित्र त्या काळच्या शास्त्राला धरून होतें. सूर्याच्या उष्णतेचा सांठा कांहीं कोटि वर्षांतच संपेल, असा लॉर्ड केल्व्हिन याचा हिशेब तेव्हां मान्य होता. किरणोत्सर्गाचा शोध १८९६ सालचा. सूर्यांत हायड्रोजनपासून हेलियम होऊन उष्णता कशी निघते, याची हान्स बेथे यानें केलेली उपपत्ति १९३९ सालची. आजच्या मतें सूर्य आणखी सुमारें ५०० कोटि वर्षें जळत राहील, आणि थंड होण्याऐवजीं हळूहळू अधिकच प्रखर होत जाऊन सुमारें १०० कोटि वर्षांनीं पृथ्वीवरचे समुद्र टिकणें अशक्य होईल. वेल्सचा समुद्र गोठतो, खरा समुद्र आटणार आहे. कादंबरीचें त्यामुळें कांहींएक बिघडत नाहीं. परंतु मुदत कोटींची नसून अब्जाची आहे, ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. आपली जाति जन्मून अवघीं सुमारें ३ लाख वर्षें झालीं आहेत. या हिशेबानें ती अद्याप पाळण्यांतच आहे.

या कादंबरींत शेवट दोन आहेत, ही गोष्ट बहुतेक वाचकांच्या नजरेंतून सुटते. पहिला शेवट मनुष्यानें आपल्या हातानें करून घेतलेला आहे. दुसरा सृष्टिनियमानें येणारा आहे. वेल्स हा टी. एच्. हक्स्ले याचा विद्यार्थी. सृष्टिक्रम व नीति यांची दिशा एक नसून विरुद्ध आहे, आणि मनुष्यानें सृष्टिक्रमाशीं झगडूनच सुधारावयाचें आहे, असें हक्स्लेनें १८९३ सालच्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानांत प्रतिपादिलें होतें. शिष्यानें १८९५ मध्यें हा भेद कांटेकोरपणें पाळला. सूर्य विझतो याबद्दल तो कोणालाही दोष देत नाहीं. भुयाराबद्दल मात्र देतो.

मधल्या काळांतला वेल्स आशावादी होता, असें सामान्यतः सांगण्यांत येतें, आणि तें बऱ्याच अंशीं खरें आहे. २४ जानेवारी १९०२ रोजीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें दिलेल्या व्याख्यानांत त्यानें मनुष्यजातीच्या नाशाचे संभवनीय प्रकार एकामागून एक मोजून दाखविले, आणि त्यांपैकीं एकावरही आपला विश्वास बसत नाहीं असें सांगून टाकलें. १९१४ च्या ‘दि वर्ल्ड सेट फ्री’ या कादंबरींत त्यानें अणुबाँब कल्पिला, शहरें बेचिराख केलीं, आणि त्या राखेंतून एक जगद्राज्य उभें केलें. हेंच पुस्तक लिओ झिलार्ड या शास्त्रज्ञानें १९३२ सालीं वाचलें व पुढच्याच वर्षीं अणूंच्या शृंखलाक्रियेची कल्पना त्याला सुचली. कादंबरीचा जगाच्या इतिहासावर इतका प्रत्यक्ष परिणाम झाल्याचीं उदाहरणें फार थोडीं. वेल्सच्या आशेंत एक विलक्षण क्रौर्य आहे, तें येथें नमूद केलें पाहिजे : कोट्यवधि लोक मेल्यावांचून त्याच्या जगाला शहाणपण येत नाहीं. ‘दि शेप ऑफ थिंग्ज टु कम’ (१९३३) मध्येंही तीच तऱ्हा.

आतां १९४५ चें पुस्तक. दुसऱ्या महायुद्धांत लंडनवर बाँब पडत असतांना हा मधुमेहानें जर्जर झालेला म्हातारा रीजंट्स पार्कजवळचें आपलें घर सोडून गेला नाहीं. त्याच्या धैर्याबद्दल शंका घेण्याचें कारण नाहीं. परंतु पुस्तक उघडतांच लक्षांत येतें कीं, येथें वेल्स स्वतःला ‘लेखक’ असें तृतीयपुरुषीं संबोधितो. जणू स्वतःपासूनच तो दूर होऊन बसला आहे. आपण ज्याला जीवन म्हणतों त्याचा अंत जवळ आला आहे, त्यांतून वाट नाहीं, हें तो पुनःपुन्हां सांगतो. प्रमाण एकही देत नाहीं. घटनांमागें आजवर जी एक संगति होती ती तुटली आहे, आणि जीवनाला आजवर सहन करणारी कोणी एक अज्ञात शक्ति आतां त्याच्यावर उलटली आहे, असें त्याचें म्हणणें. या शक्तीला तो ‘प्रतिस्पर्धी’ अशा अर्थाचें नांव देतो. थोड्याशा लवचिक माणसांची एखादी जाति कदाचित् तग धरील, एवढीच शेवटीं सवलत.

पुष्कळ टीकाकार ‘हें आजारी मनुष्याचें लेखन’ असें म्हणून हें पुस्तक मिटवून ठेवतात. ही रीति आम्हांस पसंत नाहीं. आजारी मनुष्यही खरें बोलूं शकतो, आणि धडधाकट मनुष्यें रोज खोटें बोलतात. या पुस्तकाचा खरा दोष निराशा हा नसून, निराशेचा पत्ता चुकला आहे हा आहे. १९४५ सालीं जग ज्या स्थितीला आलें होतें, ती कोणा अज्ञात शक्तीनें आणलेली नव्हती. छळछावण्या मनुष्यांनीं बांधल्या. हिरोशिमावरचा बाँब मनुष्यांनीं बनविला, आणि त्यांपैकीं एकानें तरी वेल्सचीच कादंबरी वाचलेली होती. पन्नास वर्षांपूर्वीं जो लेखक भुयाराचा दोष सूर्याच्या माथीं मारण्यास तयार नव्हता, त्यानें आतां भुयार व सूर्य एकच करून टाकले. दोष देण्यास कोणी उरला नाहीं, म्हणून करण्यासही कांहीं उरलें नाहीं. यांतला चमत्कार असा कीं, याच वेल्सनें १९४० सालीं मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यावर नेटानें काम केलें होतें. आणि त्याच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनीं, १९४८ मध्यें, संयुक्त राष्ट्रांनीं तसा एक जाहीरनामा मान्य केला.

हा पत्ता चुकविण्याचा प्रकार आपल्याला अपरिचित आहे असें नाहीं. मोठमोठ्या कालगणनेचें आपल्या पूर्वजांना भय नव्हतें. कलियुग ४,३२,००० वर्षांचें व कल्प ४३२ कोटि वर्षांचा, हें आपल्या पंचांगांतच असतें. परंतु “कलियुगच आहे, असेंच चालायचें” हें वाक्य आपल्या घरांतून किती वेळां, आणि कोणत्या प्रसंगीं उच्चारलें जातें, हें ज्यानें त्यानें आठवून पाहावें. लांच, फसवणूक, आळस यांचा बोजा युगाच्या खांद्यावर टाकला कीं माणूस मोकळा! ज्ञानेश्वरांनीं शके १२१२ मध्यें ग्रंथ संपवितांना जें मागणें मागितलें, त्यांत कलियुगाची ही सबब कोठेंही नाहीं. दुष्टांचा नाश न मागतां त्यांच्यांतला दुष्टपणा जावा, असें तें मागणें आहे. म्हणजे जें बदलतां येतें त्याकडेच त्याचा रोख आहे. आमच्या काळांत डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या ‘धूमकेतू’ या कथेंत पृथ्वीवर आदळूं पाहणाऱ्या धूमकेतूला शास्त्रज्ञ स्फोटानें बाजूला सारतात, आणि घरीं शांतियज्ञही चालू असतो. श्रेय कोणाचें, याबद्दलची त्यांतली कोपरखळी फार मार्मिक आहे. २६ सप्टेंबर २०२२ रोजीं अमेरिकेचें ‘डार्ट’ यान डायमॉर्फस नांवाच्या लहानशा खगोलावर मुद्दाम आपटविण्यांत आलें, आणि त्याचा प्रदक्षिणेचा काल सुमारें ३३ मिनिटांनीं कमी झाला. कथेंतली गोष्ट थोडीशी खरी झाली म्हणावयाची.

वेल्सच्या प्रश्नाचा अलीकडला सर्वांत विचारार्ह ग्रंथ म्हणजे टोबी ऑर्ड यांचा ‘दि प्रेसिपिस’ (२०२०). येत्या शंभर वर्षांत मनुष्यजातीचा सर्वनाश, किंवा ज्यांतून सावरतां येणार नाहीं असा अधःपात, होण्याचा संभव ते सहांत एक असा धरतात. अशा आंकड्यांबद्दल आम्हांस फारसा आदर नाहीं. ऑर्ड यांनाही ते अजमासाचेच वाटतात. मात्र त्यांच्या ग्रंथांतली एक तुलना मोलाची आहे. उल्का, ज्वालामुखी इत्यादि नैसर्गिक कारणांनीं शतकांत असा नाश होण्याचा संभव ते दहा हजारांत एक धरतात. म्हणजे सगळा धोका जवळजवळ मनुष्यनिर्मित : अण्वस्त्रें, बनविलेले रोगजंतु, आणि सर्वांत वर मनुष्यापेक्षां वरचढ होऊं पाहणारीं बुद्धियंत्रें. १८९५ चा भेद येथें पुन्हां जाग्यावर येतो.

आणि जो धोका मनुष्यनिर्मित आहे त्यांत मनुष्याचें ‘नाहीं’ही मोजलें जातें. २७ ऑक्टोबर १९६२ रोजीं क्यूबाजवळ एका रशियन पाणबुडीचा कप्तान अण्वस्त्र सोडण्यास तयार झाला असतां वासिली अर्खिपोव्ह या अधिकाऱ्यानें विरोध केला, अशी हकीकत आहे. देवीच्या रोगाचा हिंदुस्थानांतला शेवटचा रोगी १९७५ सालचा. जगांत तो निसर्गतः होण्याचा शेवटचा प्रसंग १९७७ सालीं सोमालियांत घडला. आपल्या आजोबा-पणजोबांच्या चेहऱ्यांवरचे व्रण ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांना याचें महत्त्व वेगळें सांगावयास नको. १९४५ च्या वेल्सला यांपैकीं एकही गोष्ट अशक्यच वाटली असती. तरी यावरून सर्व ठीक होईल असें अनुमान काढणारा आशावादी आम्हांस त्या वेल्सइतकाच आळशी वाटतो. अर्खिपोव्ह त्या दिवशीं त्या पाणबुडीवर होता, हा योगायोग होता.

ज्यांना याहून लांबचा पल्ला हवा असेल त्यांनीं ओलाफ स्टेपल्डन याचें ‘लास्ट अँड फर्स्ट मेन’ (१९३०) पाहावें. त्यांत मनुष्याच्या अठरा जाति होऊन जातात, दोनशें कोटि वर्षें लोटतात, आणि शेवटची जाति नेपच्यूनवर नाश पावते. पुस्तक वाचण्यास जड आहे. लक्षांत राहील असा एकही चेहरा त्यांत नाहीं. पण शेवट झाला म्हणून सगळें व्यर्थ गेलें, हें तर्कट स्टेपल्डन मान्य करीत नाहीं. मनुष्याच्या इतिहासाकडे तो एखाद्या स्वररचनेप्रमाणें पाहतो. रात्र सरली म्हणून मैफल फसली असें आपल्याकडेही कोणी म्हणत नाहीं.

वेल्सचीं दोन्ही पुस्तकें ज्यांना वाचावयाचीं असतील त्यांनीं १९४५ चें आधीं वाचावें, अशी आमची सूचना आहे. तें चाळीस पानांच्या आंतलें असून एका बैठकींत संपतें. घरांतल्या मुलांच्या हातीं द्यावयाचें असेल तर मात्र पहिलेंच द्यावें, आणि त्यांतलें संग्रहालयाचें प्रकरण त्यांनीं घाईनें उलटूं नये एवढें पाहावें.