टीम आमची, कोच कुणाचा? : कोल्हापूरच्या फुटबॉल-बोलीची एक चिकित्सा

कोल्हापुरात फुटबॉलविषयी बोलताना 'क्लब' हा शब्द फारसा ऐकू येत नाही. प्रॅक्टिस क्लबसारखे एखादे नाव आहे, पण तेही लोकांच्या तोंडी नुसते 'प्रॅक्टिस' होऊन जाते. बाकी सगळी तालीम, मंडळ आणि पेठ. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, संयुक्त जुना बुधवार पेठ, फुलेवाडी क्रीडा मंडळ. परक्या गावच्या माणसाला ही यादी कुस्तीच्या आखाड्यांची किंवा गणेशोत्सवाच्या मिरवणुकीची वाटेल, आणि त्यात त्याची फारशी चूक होणार नाही. त्याच तालमी, तीच मंडळे, आणि बहुतेक वेळा माणसेही तीच.

गेले काही हंगाम मी छत्रपती शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर आणि पेठांतल्या कट्ट्यांवर बसून समर्थकांचे बोलणे टिपून ठेवत आलो आहे. सामना कोण जिंकले हे वर्तमानपत्रात येते. ते मी लिहीत नाही. लोक आपल्या संघाविषयी कोणत्या शब्दांत बोलतात, कुणाला दोष देतात, कुणाला सोडतात, कशाची आशा धरतात, एवढेच माझ्या वह्यांत आहे. हे मी समीक्षेचे काम समजतो. कवितेची समीक्षा होते, नाटकाची होते. मग हजारो माणसे दर हंगामात जी तोंडी समीक्षा करतात तिची चिकित्सा का होऊ नये?

इंग्लंडमधल्या फुटबॉल-प्रेक्षकाच्या बोलण्याचे तीन ठरलेले विषय असतात. मॅनेजरला काढा, मालक बदला, आणि यंदा वरच्या गटात जायचे का. या तिन्ही प्रश्नांची कोल्हापुरी उत्तरे शोधायला गेलो तेव्हा पहिली अडचण दुसऱ्या प्रश्नापाशी आली. इथे मालक नाही. कुणालाही विचारा, "टीम कुणाची?" उत्तर येते, "कुणाची म्हंजे? आपली हाय." हे उत्तर देणारा रिक्षा चालवतो, गुळाच्या अडतीवर काम करतो किंवा नुकताच बारावी झालेला असतो. त्याच्या नावावर संघाचा एक रुपयाचा हिस्सा नाही. पण तो 'ते हरले' असे कधीही म्हणत नाही. 'हरलो' म्हणतो.

या प्रथमपुरुषी अनेकवचनाला इतिहास आहे. राजर्षी शाहूंच्या कारकिर्दीत कुस्तीला राजाश्रय मिळाला, १९१२ साली खासबाग मैदान उभे राहिले, आणि पेठेपेठेत तालीम ही व्यायामाची, भांडणाची, पंचायतीची आणि उत्सवाची जागा झाली. फुटबॉल या शहरात आला तो याच घरात उतरला. १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे आपली केएसए, स्थापन झाली तेव्हा खेळाला संस्था मिळाली. पण संघ तालमीच्या ओट्यावरच राहिले. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. पुढे आश्रय देणारे हात बदलत गेले. उद्योजक आले, पुढारी आले, स्पर्धांच्या चषकांना नेत्यांची नावे लागली. छत्रपती घराणे केएसएशी आजही जोडलेले आहे. मात्र पैसे देणारा कुणीही आला तरी समर्थकाच्या व्याकरणात तो कर्ता होत नाही. "पैसा त्याचा असंल, टीम पेठंची." हे वाक्य मी इतक्या वेळा आणि इतक्या पेठांत ऐकले आहे की त्याला म्हण म्हणावे.

या म्हणीची किंमत कळायला पुण्याकडे बघावे. २००७ साली तिथे पुणे एफसी निघाला. मागे अशोक पिरामल समूह होता. संघ आय-लीगमध्ये २०१२-१३ला उपविजेता ठरला, आणि २०१५मध्ये मालकांनी हात काढून घेतल्यावर संपला. डीएसके शिवाजीयन्सने आय-लीगचे दोन हंगाम पाहिले. २०१७ नंतर तो तिथे दिसला नाही. एफसी पुणे सिटी २०१४ साली इंडियन सुपर लीगबरोबर जन्मला, सिनेनट भागीदार झाले, आणि २०१९मध्ये त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने तर राष्ट्रीय लीग जिंकली होती. तोही २०१०मध्ये कंपनीच्या निर्णयाने बंद झाला. चारही ठिकाणी प्रेक्षक होते, रंग होते, घोषणा होत्या. निर्णय झाला तेव्हा मत मात्र कुणी विचारले नाही. पाटाकडील किंवा दिलबहार असा एका सहीने बंद होऊ शकत नाही. बंद करायला आधी तो कुणाचा तरी असावा लागतो.

इथवर मी समर्थकाच्या बाजूने आहे. पण आपल्याकडचे बरेचसे क्रीडालेखन इथेच थांबते, आणि माझा आक्षेप तिथून सुरू होतो. फुटबॉलची पंढरी, पेठांची ईर्षा, तुडुंब स्टेडियम, विश्वचषक आला की मेस्सी आणि नेमारचे उंच कटआऊट. एवढे लिहिले की कोल्हापूरचा फुटबॉल लिहून झाला असे समजले जाते. 'ईर्षा' या शब्दाचेच घ्या. प्रमाण मराठीत तो मत्सराचा शब्द. कोल्हापुरात तो गौरवाचा आहे; 'ईर्षेने खेळला' ही शाबासकी. शब्दाला असा मान देणारे गाव मला आवडते. परंतु याच शब्दाच्या आडोशाने हाणामाऱ्या आणि दगडफेकही खपवली जाते, सामन्याला पोलिसांचा बंदोबस्त लागतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत 'ईर्षेने सामना रंगला' असे छापून येते. शब्द सुंदर असला म्हणून त्याच्या नावावर काहीही जमा करू नये.

आता पहिला प्रश्न, मॅनेजरचा. माझ्या वह्यांमधली सर्वांत मोठी पोकळी इथे आहे. रेफ्रीवर पाने भरली आहेत. चुकलेल्या पेनल्टीवर, 'बाहेरच्या' खेळाडूंवर, परदेशी खेळाडू हवेत की नकोत यावर पाने आहेत. कोचवर मात्र जवळपास काहीच नाही. असले तर सामन्याच्या ऐंशीव्या मिनिटाला आलेले एखादे ओरडणे: "अवो त्येला बाहीर काढा की, पाय उचलंना झालाय!" हेसुद्धा कोचला उद्देशून आहे की सगळ्या बाकाला, हे सांगता येत नाही. बाकावर कोच असतो, माजी खेळाडू असतात, मंडळाचे कार्यकर्ते असतात, आणि बदली कोण ठरवतो हे पायरीवरून ओळखता येत नाही. एकदा एका कट्ट्यावर मी सरळ विचारले, यंदा आपला कोच कोण? पाच जणांनी एकमेकांकडे पाहिले. गोलकीपरच्या आजोबांचा कुस्तीतला वस्ताद कोण होता हे त्यांतल्या दोघांना ठाऊक होते.

ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. ज्या घरात फुटबॉल वाढला त्या घरात वस्ताद होता. वस्तादाच्या शब्दापुढे कुणाचे चालत नसे. पोराने काय खायचे, किती जोर काढायचे, कोणत्या मैदानात उतरायचे आणि कोणत्या नाही, हे तो ठरवी. पैलवान हरला तरी वस्तादाची गादी हलत नसे, कारण त्याचे काम दहा वर्षांचे धरले जाई. तालमीने फुटबॉलला नाव दिले, रंग दिला, ओटा दिला, वर्गणी दिली. वस्ताद दिला नाही. कोच मैदानावर आला तो कार्यकर्त्यांतला एक म्हणून. त्याचे कारण मला असे दिसते. कुस्तीतले डाव शिकल्याशिवाय कळत नाहीत, हे पेठेने मान्य केलेले होते. फुटबॉल मात्र बघणाऱ्या प्रत्येकाला आपला वाटला, म्हणून कळलाही वाटला. ज्या खेळाचा जो-तो मालक, त्या खेळात शिकवणाऱ्याला अधिकार कोण देणार? मालकीची हीच भावना संघाला मरू देत नाही आणि कोचला मोठा होऊ देत नाही.

परिणाम खेळाडूंच्या वाटेवर दिसतो. अनिकेत जाधव हा कोल्हापूरचा मुलगा २०१७ साली दिल्लीत सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या संघात होता, पुढे इंडियन सुपर लीगमध्ये जमशेदपूरकडून खेळला. त्याचे नाव शहरात अभिमानाने घेतले जाते, घ्यायलाच हवे. पण त्याची घडण पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत झाली. इतका फुटबॉल ज्या शहराच्या अंगात आहे, त्या शहराला आपला गुणी मुलगा घडायला बाहेर पाठवावा लागतो, यावर कट्ट्यावर चर्चा का होत नाही?

राहता राहिली वर चढण्याची आशा. केएसएच्या वरिष्ठ गटात १६ संघ. लीगचे शेवटचे सामने आले की खालच्या टोकाला जी घालमेल असते ती विजेतेपदाच्या लढतीपेक्षा मला जास्त खरी वाटते. खालच्या गटात जाणे हा पेठेच्या अब्रूचा प्रश्न. कुणाचा कुणाशी सामना राहिला, गोलफरक किती, कोण कुणाला 'सोडणार', याचे गणित दहावी नापास माणूस बिनचूक मांडतो. बरोबरी झाली तरी गुलाल उधळलेला मी पाहिला आहे, कारण त्या एका गुणाने संघ वरिष्ठ गटात राहिला होता. इतकी तीव्र भावना, आणि ती संपूर्णपणे खाली पडण्याच्या भीतीची. वर? वर काय आहे हे विचारले की गाडी थांबते. लीग जिंकणाराने पुढच्या वर्षी परत तीच लीग जिंकायची.

हे छत आता पूर्वीइतके बंद नाही. इंडियन सुपर लीगचे दार आठ हंगाम खालच्या संघांना बंदच होते. २०२२-२३पासून आय-लीगच्या विजेत्याला बढतीची वाट मिळाली, आणि पंजाबचा संघ, पुढच्या वर्षी कोलकात्याचा मोहम्मडन स्पोर्टिंग, या वाटेने वर गेला. मोहम्मडन ही एकोणिसाव्या शतकात स्थापन झालेली, लोकांच्या जिव्हाळ्यावर जगलेली संस्था आहे. तालमीला अगदीच परकी नाही. पण या शिडीच्या पायऱ्यांवर परवाने मागतात. आशियाई महासंघाच्या क्लब-परवान्याच्या अटी पाच प्रकारच्या आहेत: वयोगटांचे संघ, मैदान, प्रशिक्षक व कर्मचारी, संस्थेची कायदेशीर रचना, आणि तपासलेले हिशेब. यांत पेठेच्या प्रेमाला गुण नाहीत. मला सर्वांत अवघड अट पैशाची वाटत नाही, कारण पैसा उभा करणे कोल्हापूरला नवे नाही. अवघड आहे ती ठरावीक दर्जाचा परवाना असलेला प्रशिक्षक नेमून त्याचे ऐकण्याची.

'मग एखाद्या कंपनीला द्या टीम' असे म्हणणारेही आता भेटतात, विशेषतः तरुण. त्यांना पुण्याचे उदाहरण दिले की ते गप्प बसतात; पण पटलेले नसते. तालीम की कंपनी, असे दोनच रस्ते आहेत हे मला मान्य नाही. जर्मनीत १९९८पासून नियम आहे की व्यावसायिक संघातही निम्म्याहून अधिक मते सभासदांच्या संस्थेकडेच राहावीत. काही अपवाद सोडले तर तो चालतो. लंडनच्या विम्बल्डनचे उदाहरण तर पेठेत वाचून दाखवावे असे. २००२ साली त्यांचा संघ मालकांनी दूरच्या मिल्टन कीन्स गावी न्यायचे ठरवले, परवानगीही मिळाली. समर्थकांनी सरळ नवा संघ काढला. सार्वजनिक मैदानावर खेळाडूंची चाचणी घेतली, नवव्या पायरीपासून सुरुवात केली, आणि नऊ वर्षांत पाच बढत्या मिळवून २०११मध्ये व्यावसायिक लीगमध्ये आले. तिथे सभासदाला एक मत आहे, मग त्याने कितीही पैसे दिलेले असोत. 'टीम आपली' हेच ते वाक्य. त्यांनी ते घटनेत लिहिले, हिशेबात उतरवले, आणि मॅनेजरला त्याचे काम करू दिले.

आपल्याकडे यातले काहीच नाही असेही नाही. गणेशोत्सव संपला की मंडळाचा जमाखर्च फळ्यावर लागतो. वर्गणी किती, मांडवाला किती, मूर्तीला किती, शिल्लक किती. त्या फळ्यासमोर उभे राहून लाइटिंगचे बिल जास्त लागले म्हणून तासभर हुज्जत घालणारा माणूस मी पाहिला आहे, आणि कार्यकर्त्यांनी त्याला पावती आणून दाखवलेलीही पाहिली आहे. चार महिन्यांनी तोच माणूस स्टेडियमच्या पायरीवर माझ्या शेजारी होता. बाहेरून आणलेला स्ट्रायकर त्या दिवशी फारच वाईट खेळत होता. त्याला किती पैसे दिले असतील, असे मी विचारले. "ते काय आपल्याला म्हाईत न्हाई," तो म्हणाला, आणि रेफ्रीच्या नावाने ओरडू लागला.