गिरणीने ओवी मारली का? संशोधनाचा प्रश्न तपासून पाहताना

"तंत्रज्ञानामुळे लोककला नष्ट होत चालली आहे." सिनॉप्सिसच्या पहिल्या परिच्छेदात हे वाक्य हमखास असतं. त्याच सिनॉप्सिसच्या शेवटी "डिजिटल तंत्रज्ञानाने लोककलेचं जतन करता येईल" असंही लिहिलेलं असतं. म्हणजे मारणारंही तंत्रज्ञान आणि वाचवणारंही तंत्रज्ञान. ही दोन वाक्यं एका कागदावर सुखाने नांदतात, कारण दोन्ही आपण तपासलेली नसतात. आज ती तपासू. उदाहरण भोर-वेल्ह्याकडचं घेऊ: जात्यावरची ओवी.

पहिला शब्द: तंत्रज्ञान. ते म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वीज आणि स्क्रीन येते. पण जातं काय आहे? खालची तळी स्थिर, वरची खुंट्याने फिरते, मधल्या तोंडात मुठीने वैरण घालायची, दगड गुळगुळीत झाला की टाकी लावून घ्यायची. हे यंत्रच आहे. ओवीची लय या यंत्राशी बांधलेली आहे: हाताचा फेरा, वैरण घालताना घेतलेला दम, समोर बसलेल्या जावेने उचललेली ओळ. म्हणजे 'कला विरुद्ध तंत्रज्ञान' ही मांडणी इथेच कोसळते. ओवी एका तंत्रज्ञानाच्या अंगाखांद्यावरच वाढली. नीट प्रश्न असा आहे: कोणतं यंत्र, ते कोणाच्या हातात, आणि त्यावर काम करताना माणसाला गायला जागा उरते का?

गिरणीत ती जागा उरत नाही, हे खरं. डबा रांगेत ठेवायचा, यंत्र दुसरा कोणी चालवणार, आणि पट्ट्याच्या आवाजात बोललेलंही ऐकू येत नाही. पण यावरून 'गिरणी आली म्हणून ओवी गेली' असं सिद्ध होतं का? प्रयोगशाळेत आपण काय शिकलो? एका वेळी एकच घटक बदलायचा. इथे तर सगळंच बदलत होतं. शाळा आली, रेडिओ आला, घरातले पुरुष पुण्या-मुंबईला कामाला गेले. भाटघर (१९२८) आणि नंतर पानशेत, ही धरणं याच पट्ट्यातली. गावं उठली, शेजारणी पांगल्या. यातल्या कशाने किती फरक पडला, हे वेगवेगळं काढल्याशिवाय एकट्या गिरणीला आरोपी करता येत नाही.

शिवाय उलट बाजूचा पुरावाही आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी दोन दशकांच्या कामात, डोंगरी भागातल्या बायकांना सोबत घेऊन, एक लाखाहून जास्त ओव्या उतरवून घेतल्या. बर्नार्ड बेल यांनी १९९०च्या दशकात शंभरावर तासांचं ध्वनिमुद्रण केलं आणि माहितीसंच बांधला. २०१७ पासून हे सगळं 'पारी'च्या संकेतस्थळावर येत आहे. आता तारखा बघा. १९९०च्या दशकात गिरण्या होत्याच, तरी बायकांना शेकडो ओव्या पाठ होत्या. लग्नात हळद दळताना जात्यावर ओव्या म्हणणं तर अजूनही चालू आहे. म्हणजे ओवी एका झटक्यात मेली नाही. ती रोजच्या दळणातून सुटून विधीत आणि आठवणीत गेली. 'नष्ट झाली' आणि 'जागा बदलली' ही दोन वेगळी विधानं आहेत, आणि दोन्हींना वेगळा पुरावा लागतो.

आता दुसरं वाक्य: जतन. या संग्रहाची मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव असतं. 'लोकांचं साहित्य' या मोघम शब्दामागे दडलेली बाई इथे नावानिशी समोर येते. पण नेमकं जतन काय झालं? कागदावर ओवी दोन ओळींची. गाताना तीच ओळ तुटते, परत येते, मध्ये 'गं बाई'ची भर पडते. ती लय ध्वनिमुद्रणात आहे, लिखित ओळींत नाही. माहितीसंचात ओव्या विषयवार लावल्या आहेत: सीता, माहेर, भाऊ, आंबेडकर. शोधायला ही सोय उत्तमच, हजार गावं एका वेळी चाळता येतात. पण गाणारी विषयवार गात नाही. भावाच्या ओवीला लागून सासुरवासाची ओवी का आली, हा तिचा विचार असतो, आणि वर्गीकरणात नेमका तोच जोड तुटतो. हा दोष त्या संशोधकांचा नाही. प्रत्येक साधन काही उचलतं आणि काही सोडतं, टेपरेकॉर्डरही आणि तुमची एक्सेल शीटही. आपल्या साधनाने काय सोडलं, हे लिहिणं संशोधकाचं काम आहे.

इथे बरेच जण वॉल्टर बेंजामिनचा १९३६चा निबंध जोडतात: यांत्रिक प्रतीमुळे मूळ कलाकृतीचं तेजोवलय हरवतं, वगैरे. जोडण्याआधी विचारा, ओवीची 'मूळ' प्रत कुठे आहे? वेल्ह्यात एक पाठ, घाट उतरला की दुसरा. प्रत्येक बाईचा तिसरा. मूळच नसेल तर हरवलं काय? हरवला तो प्रसंग: पहाटेची वेळ, दोघीजणी, आणि पुरुषांचे कान नसलेली जागा. सिद्धांत मोठा आहे म्हणून तो आपल्या उदाहरणाला बसतोच असं नाही.

एक शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. उजाडायच्या आत घरादाराचं दळण हे ढोर कष्ट होते. कितीतरी ओव्यांत त्या कष्टाचीच तक्रार आहे. त्यामुळे 'गिरणीने आपली संस्कृती हिरावली' असं लिहिताना थांबा. या 'आपली'मध्ये खुंटा ओढणारी बाई धरली आहे का? तिला विचारलं, तर ती गिरणीला नावं ठेवेल असं मला वाटत नाही. तिचा हात मोकळा झाला, हे चांगलंच झालं. पण तिच्या मनातलं बोलायची ती पहाटेची जागा गेली. तिच्याऐवजी दुसरी कोणती जागा तिला मिळाली, बचत गट, भजनी मंडळ, मोबाईल, की कोणतीच नाही? हा संशोधनाचा खरा प्रश्न आहे. तो भोरच्या एसटीत बसून, गावात उतरून, बायकांशी बोलूनच सुटेल.

तर सिनॉप्सिस उघडा. जिथे जिथे 'तंत्रज्ञान' लिहिलंय तिथे त्या यंत्राचं नाव लिहा. जिथे 'कला' लिहिलंय तिथे ती कोण, कधी, कोणासमोर करतं ते लिहा. एवढं करून वाक्य टिकलं, तर ते ठेवा.