वाळूचा फोटो आणि पाण्याची जात

दोस्तहो, वाळवंट म्हटलं की तुमच्या डोळ्यापुढं काय येतं? सोनेरी वाळू, उंटांची रांग, लाल-पिवळ्या ओढण्या, मिशीवाला म्हातारा आणि त्याचा पगडा. आपल्यातल्या किती जणांनी बाडमेर-बिकानेर बघितलंय? तरी चित्र तयार आहे. ते डोळ्यात बसवलं कॅलेंडरवाल्यांनी, पर्यटन खात्यानं, सिनेमानं आणि जगभर नावाजलेल्या फोटोग्राफरांनी.

रघुवीर सिंग हे मोठे फोटोग्राफर, जन्म जयपूरचा, घराणं रजपूत. १९८१ साली त्यांचं राजस्थानवरचं रंगीत पुस्तक निघालं. त्याच्या इंग्रजी नावातच हा मुलूख 'मंतरलेली भूमी' ठरतो. मंतरलेली कुणासाठी, हा प्रश्न त्या नावात मावत नाही. १९८३ साली स्टीव्ह मॅकरी या अमेरिकनानं धुळीच्या वादळात एकमेकींना बिलगून उभ्या असलेल्या बायकांचा फोटो काढला. लाल कपडे, भोवती पिवळी धूळ. फोटो देखणा आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या बाया रस्त्याच्या कामावरच्या मजूर होत्या, हे फोटो बघून कळत नाही. घमेलं गेलं, खडी गेली, मजुरी गेली. राहिला रंग. पांढरपेशा सौंदर्यशास्त्राची ही जुनी हातचलाखी आहे: घाम पुसायचा आणि चमक ठेवायची.

या पार्श्वभूमीवर मला गौरी गिल यांच्या वाळवंटाच्या फोटोंबद्दल बोलायचंय. 'नोट्स फ्रॉम द डेझर्ट' हे त्या कामाचं नाव. सुरुवात १९९९ ची, आणि पुढं वीसेक वर्षं बाई त्याच मुलखात, त्याच घरांत जात राहिल्या. २०२३ साली या कामाला लंडनमध्ये प्री पिक्टे हा एक लाख स्विस फ्रँकचा पुरस्कार मिळाला. पुरस्काराचं आपल्याला कौतुक नाही. वाळवंटात वीस वर्षं परतपरत जाणाऱ्या माणसाबद्दल मात्र आदर आहे. आपल्या वस्तीत एकदा येऊन, चहा पिऊन, 'अनुभव' घेऊन जाणारे आपण पुष्कळ बघितलेत.

फोटो काळेपांढरे आहेत. इथंच पहिला घाव बसतो. रघुवीर सिंग यांचं मत असं की भारत रंगातच बघायला हवा, काळापांढरा हा पश्चिमेचा डोळा. मला हे पटत नाही. त्या मुलखात रंग म्हणजे नुसता रंग नसतो. पगडीचा रंग आणि बांधणी, ओढणीची छपाई, घागऱ्याचा काठ यांवरून जाणता माणूस जात, गाव, सधवा की विधवा हे लांबून ओळखतो. रंग म्हणजे तिथं अंगावर घातलेला जातीचा दाखला. गौरीबाईंनी रंग काढला आणि तो दाखला फाटला. उरली माणसं. बुधवारच्या बाजारासारखी गर्दीतली नव्हेत, एकेकटी. भिंतीला टेकलेली, खाटेवर आडवी झालेली, कॅमेऱ्याकडं सरळ रोखून बघणारी.

आमच्या अभ्यासवर्गात ही चित्रं मोबाईलवर फिरली तेव्हा एका कार्यकर्तीनं विचारलं, "दाखला फाटला की लपवला?" प्रश्न बिनतोड आहे. त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

इंग्रज सरकारनं १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड काढले. हिंदुस्थानातल्या जातीजमातींचे फोटो, खाली वर्णन. १८५७ नंतर राज्यकर्त्याला रयत ओळखायची होती, त्यासाठी कॅमेरा. तिथं बहुतेक फोटोंखाली जात आहे, माणसाचं नाव नाही. माणूस म्हणजे नमुना, बाटलीत ठेवलेल्या किड्यासारखा. गिल यांच्या फोटोंखाली नेमकं उलटं: नाव आहे, गाव आहे, जात नाही. हा फरक मी लहान मानत नाही. ज्यांना हाक मारताना नावाची गरजच वाटत नव्हती अशा माणसांचं नाव लिहिणं ही राजकीय गोष्ट आहे. महाडला चवदार तळ्यावर गेलेल्यांच्या नातवंडांना हे समजावून सांगायला नको.

पण नाव लिहून भागत नाही. हे काम जोगी, मुसलमान स्थलांतरित, जाट शेतकरी, बिश्नोई अशा वेगवेगळ्या लोकांत झालंय. आता जाटाचं घर आणि मेघवाळाचं घर एकाच करड्या रंगात, एकाच मायेनं दाखवलं, तर बघणारा म्हणतो, "अरेरे, केवढं हे दारिद्र्य." झालं. सगळे गरीब, सगळे एक. मे २०१५ मध्ये नागौर जिल्ह्यात डांगावासला जमिनीच्या वादातून मेघवाळांवर ट्रॅक्टर घालून माणसं मारली. मारणारा जमाव जाटांचा होता. वाळू दोघांच्याही पायाखाली तीच होती. मग 'वाळवंटातला समाज' असा एकवचनी शब्द वापरणाऱ्यांना मी विचारतो, कुठला समाज, टांक्याच्या कुठल्या बाजूचा?

टांका म्हणजे पावसाचं पाणी साठवायचं जमिनीतलं बांधीव टाकं. थरच्या मुलखात निसर्गचित्र म्हणजे क्षितिज आणि ढग नव्हे, निसर्गचित्र म्हणजे पाणी कुठं आहे आणि त्यात घागर कोण बुडवतं. आपल्याला हे पाणवठ्यावरून कळतं, त्यांना टांक्यावरून. गिल यांच्या वाळूत मला पाण्याची ही जात पुरेशी दिसत नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे.

या कामाचं मूळही तिथलंच. गौरीबाई सांगतात की एका खेड्यातल्या शाळेत मास्तर मुलीला मारतोय हे त्यांनी बघितलं. ज्या साप्ताहिकात त्या नोकरीला होत्या त्याला खेड्यातल्या शाळांवरचे फोटो नको होते. मग रजा टाकून त्या गेल्या. या गोष्टीत मुलगी आहे, मास्तर आहे, मार आहे, जात नाही. आता दुसरी गोष्ट ऐका. २०२२ साली जालोर जिल्ह्यातल्या सुराणा गावात नऊ वर्षांचा मेघवाळ मुलगा मास्तरच्या मारानंतर ऑगस्टमध्ये दगावला. घरचे म्हणतात, मास्तरच्या माठातलं पाणी प्याला म्हणून मारलं. पोलीस म्हणाले, माठाचा पुरावा नाही. म्हणजे मार उरतो आणि माठ गायब होतो. कॅमेऱ्यानं माठ सोडून चालत नाही ते यासाठी.

एवढं बोलल्यावर मला आवडलेलं सांगतो, नाहीतर समीक्षा म्हणजे नुसता जोडा होतो.

२००३ साली लूणकरणसरला उरमूल सेतू या संस्थेनं मुलींचा मेळा भरवला. लूणकरणसर बिकानेर जिल्ह्यातलं, नावातच मीठ. तिथं गौरीबाईंनी फोटोचा तंबू टाकला. ज्या मुलीला वाटेल तिनं यावं, वाटेल तशी उभी राहावं, हवी ती वस्तू हातात घ्यावी, फोटो काढून घ्यावा. 'बालिका मेला' या नावानं ते पुस्तक २०१२ मध्ये आलं. हे फोटो बघताना मला जत्रेतला फोटोवाला आठवला. आपल्या आयाबाया तिथं उसनं घड्याळ मनगटावर चढवून उभ्या राहायच्या. आणि बाबासाहेबांचा सुटातला फोटो आठवला. आपल्या घरातला तो फोटो कुणी 'टिपलेला' नाही, तो माणूस स्वतः ठरवून तसा उभा राहिलाय. टाय, चष्मा, हातात पुस्तक. ज्याला फाटकंच दाखवायचं ठरलंय त्या जगापुढं नीट कपडे घालून उभं राहणं हा नकार आहे. लूणकरणसरच्या पोरी तशा उभ्या आहेत. दोघी-दोघी, खांद्याला खांदा लावून, आणि हसत नाहीत. हसा म्हणून कुणी सांगितलेलं दिसत नाही.

बाळंतपणाची मालिकाही तशीच. २००५ सालची, दाईनं स्वतः बोलावल्यावर काढलेली. झोपडी, खाली वाळू, बाई, मूल. त्यात पवित्र काही नाही आणि किळसवाणं काही नाही. आपल्या देशात बाळंतपणाचं काम अस्पृश्य बाईच्या हाती द्यायचं आणि तिचे हात विटाळाचे म्हणायचे, ही हजारो वर्षांची लबाडी. इथं ते हात फोटोच्या मधोमध आहेत.

थडग्यांचे फोटोही बघा. वाळूचा उंचवटा, वर चार दगड, एखादी खूण. मुसलमान पुरतात, बिश्नोई पुरतात, जोगी पुरतात. वारा आला की खूण जाते. संगमरवरी छत्र्यांचा राजस्थान आपल्याला पाठ आहे, हा दुसरा.

आता महाराष्ट्राशी नातं. याच बाईंनी २०१३ पासून डहाणूजवळच्या गंजाडच्या राजेश वांगड या वारली चित्रकाराबरोबर काम केलं. फोटो त्यांचा, त्यावर रेघा वांगडांच्या. जागा तीच, पण तिथं काय घडलं ते वांगड रेघेनं सांगतात, आणि दोघांचं नाव लागतं. जव्हारला कागदाच्या लगद्याचे मुखवटे करणाऱ्या कोकणा कलावंतांना त्यांनी देवदानव सोडून रोजच्या जगण्याचे मुखवटे करायला सांगितलं. म्हणजे आदिवासी मुलखात आल्यावर बाईंनी फोटोतली निम्मी सत्ता सोडली. वाळवंटात शाळांच्या भिंतींवरची गावकऱ्यांची चित्रं त्यांनी टिपली खरी, पण तिथं फोटोवर कुणी रेघ मारली नाही. ती मेघवाळ पोरीनं मारली असती तर?

अशी पोरगी होती. बाडमेरच्या त्रिमोही गावची डेल्टा मेघवाल. चौथीत असताना तिनं 'रेगिस्तान का जहाज' म्हणून उंटाचं चित्र काढलं, ते जयपूरच्या सचिवालयात लागलं. मार्च २०१६ मध्ये नोख्याला, जिथं ती मास्तरीण व्हायला शिकत होती, तिचं प्रेत पाण्याच्या टाकीत सापडलं. २०२१ मध्ये तिथल्या एका शिक्षकाला जन्मठेप झाली. वाळवंटाचं चित्र काढणाऱ्यांच्या यादीत मी रघुवीर सिंग, मॅकरी, गिल यांच्याबरोबर तिचं नाव लिहितो. कुणाला अतिरेक वाटला तर वाटो.

आणि आपलं काय? अत्याचार झाला की आपण मोबाईल घेऊन धावतो, जळकं घर आणि जखमा टिपतो. ते हवंच, केस उभी राहते. पण त्याच वस्तीतली चूल, हौद, शाळेची भिंत, दुपारी झोपलेला म्हातारा हे कुणी काढत नाही. ते काढा. आपल्या या पानांवर फोटो उठत नाही, शाईचा नुसता काळा डाग पडतो. म्हणून फोटोबरोबर पाठकोऱ्या कागदावर लिहून पाठवा: कोण आहे, कुठलं, आणि पाणी कुठून भरतात. पुढच्या अंकात आपण ते शब्दांत छापू.