वादळाचं श्रेय गॉडझिलाला

'गॉडझिला: रेज अक्रॉस टाइम' ही आयडीडब्ल्यूची २०१६ची पाच अंकांची कॉमिक मालिका. कल्पना सोपी आहे: इतिहासातल्या वेगवेगळ्या काळांत गॉडझिला सोडायचा आणि काय होतं ते बघायचं. पहिल्या अंकाची कथा जेरेमी रॉबिन्सनची, चित्रं मॅट फ्रँकची. साल १२७४. मंगोल जपानवर चालून आलेत, सोबत राक्षसही आहेत. त्यांना भिडायला कोण येणार, हे सांगायला नकोच.

फ्रँकचे राक्षस झकास आहेत. मी अंक एका बैठकीत संपवला. नंतर मात्र एक गोष्ट टोचत राहिली: त्या किनाऱ्यावर खरोखर लढलेल्या माणसांचं काय?

१२७४ मध्ये हाकाताच्या खाडीत उतरलेली फौज लढाईनंतर माघारी गेली. ती परत येणार हे ओळखून जपान्यांनी १२७६ मध्ये किनाऱ्यावर दगडी भिंत बांधायला घेतली. १२८१ मध्ये कुब्लाई खानाचं त्याहून मोठं आरमार आलं. भिंतीमुळे त्याला तिथे नीट उतरता येईना. ते समुद्रात आठवडेच्या आठवडे अडकलं आणि मग वादळात सापडलं. मंदिरांनी म्हटलं, आमच्या प्रार्थनेने वारा आला. नाव पडलं 'कामिकाझे', देवाचा वारा. १९४४ मध्ये हेच नाव आत्मघाती वैमानिकांना दिलं गेलं.

म्हणजे माणसांचं श्रेय आधी देवाने नेलं, आता गॉडझिलाने. रात्री दोनला पडलेला सर्व्हर चार जणांनी जागून उभा करावा आणि सकाळच्या मेलमध्ये फक्त 'सिस्टीम पूर्ववत झाली' असं यावं, तसं हे आहे. आमच्या धंद्यात हे दुखणं सगळ्यांना ठाऊक असतं.

ताकेझाकी सुएनागा या सामुराईलाही ते ठाऊक होतं. बक्षीस मागायला तो १२७५ मध्ये थेट कामाकुराला गेला. पुढे त्याने आपल्या लढाईची चित्रपटच करून घेतली: रक्ताळलेला घोडा, हवेत फुटणारा बॉम्ब आणि मध्ये तो स्वतः. माझ्या लेखी १२७४वरचं खरं कॉमिक हेच.

मग आपत्तीत राक्षस घालूच नये का? तसं नाही. १८५५च्या भूकंपानंतर एडो शहरात महाकाय मागूर माशाची चित्रं धडाधड विकली गेली. जमिनीखालचा हा मासा हलला की भूकंप होतो, अशी समजूत होती. काही चित्रांत लोक त्याला बडवतात, तर काहींत सुतार-गवंडी त्याची सरबराई करतात, कारण पडलेलं शहर पुन्हा बांधण्यातून त्यांना काम मिळालं. श्रीमंत लोक सोनं ओकतानाही दिसतात. सरकारने ही चित्रं बंद पाडली. इथे राक्षसामुळे माणसं झाकली जात नाहीत, उलट उघडी पडतात.

१९५४चा पहिला गॉडझिलाही असाच होता. हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांनी उठलेला, माणसाच्या करणीकडे बोट दाखवणारा. 'रेज अक्रॉस टाइम'च्या पहिल्या अंकात तो नुसता बलवान आहे. अंक जरूर वाचा, पण त्यानंतर सुएनागाची चित्रंही फोनवर शोधून बघा. त्यात राक्षस एकही नाही, तरी भीती जास्त वाटते.